अनुकंपा आणि प्रतीक्षासूची

अनुकंपा तत्त्वावरील नियुक्तीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत ज्या प्रतीक्षासूची प्रसिद्ध होतात, त्यांचा नमुना थोड्याफार फरकाने सारखाच असतो. अनुक्रमांक, दिवंगत कर्मचाऱ्याचे नाव व पदनाम, मृत्यूचा दिनांक, अर्जदाराचे नाव, दिवंगताशी असलेले नाते, परिपूर्ण अर्ज मिळाल्याचा दिनांक, अर्जदाराची जन्मतारीख, शैक्षणिक अर्हता आणि शेवटी शेरा. एकेक रकाना सुटा वाचला तर हा एक रूक्ष प्रशासकीय तक्ता आहे. मृत्यूचा दिनांक, अर्जदाराची जन्मतारीख आणि सूची प्रसिद्ध झाल्याची तारीख मात्र शेजारीशेजारी ठेवून वाचली, तर सूचीच्या वरच्या भागातली अंतरे महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावी लागतात, आणि वडील गेले तेव्हा शाळेत असलेला मुलगा नियुक्तीच्या टप्प्यात येईपर्यंत स्वतः संसारी झालेला आढळतो. ज्या योजनेचे सारे समर्थन तातडीवर उभे आहे, तिच्याच नोंदींत तातडीचा मागमूस नाही. याला आपण सहसा दिरंगाई म्हणतो आणि तिथेच थांबतो. या लेखाचे म्हणणे त्याच्या थोडे पुढचे आहे. विलंबामुळे या योजनेचे केवळ परिणाम उशिरा मिळतात असे नाही, तर तिचे स्वरूपच पालटते. आणि पालटलेल्या स्वरूपात ती ना दिवंगताच्या कुटुंबाला पुरेशी उपयोगी पडते, ना संविधानाच्या कसोटीवर दीर्घकाळ टिकण्यासारखी राहते.

योजनेचा संवैधानिक पाया मुळातच अरुंद आहे, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. संविधानाच्या अनुच्छेद १६ च्या पहिल्या खंडाने सार्वजनिक नोकरीत सर्व नागरिकांना समान संधीची हमी दिली आहे, आणि दुसऱ्या खंडाने ज्या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे, त्यांत धर्म, वंश, जात, लिंग यांच्या जोडीने ‘कूळ’ हेही कारण स्पष्टपणे नोंदवले आहे. अमक्याचा मुलगा किंवा अमक्याची मुलगी म्हणून सरकारी नोकरी मिळणे हे या मनाईच्या थेट कक्षेत येते. तरीही अनुकंपा नियुक्ती वैध ठरते, ती एका अपवादामुळे. कमावती व्यक्ती अकस्मात गेल्याने कुटुंबावर कोसळलेले आर्थिक संकट हे नियुक्तीचे कारण मानले जाते आणि नाते हे केवळ ते कुटुंब ओळखण्याचे साधन मानले जाते. संकट खरे, ताजे आणि तीव्र असेल तोवर हा भेद टिकतो. संकटाचा घटक जसजसा विरळ होत जातो, तसतसे नाते हेच कारण म्हणून उरते. तसे झाले की अपवाद संपतो आणि मनाई लागू होते.

सर्वोच्च न्यायालयाने हा विचार १९९४ मध्ये हरियाणातून आलेल्या आणि पुढे ‘नागपाल प्रकरण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या निकालात व्यवस्थित मांडला. कुटुंबाला अचानक ओढवलेल्या संकटातून तरून जाता यावे एवढाच या नियुक्तीचा हेतू आहे, दिवंगताच्या पदाशी तोलून पद देणे हा नाही. म्हणून तृतीय व चतुर्थ श्रेणीतील सर्वांत खालची पदेच त्यासाठी वापरावीत. कुटुंबाच्या आर्थिक स्थितीची छाननी व्हावी. आणि हा केव्हाही बजावता येणारा निहित हक्क नसल्याने वाजवी काळ उलटून गेल्यावर त्याची मागणी करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. याआधी १९८९ मध्ये याच न्यायालयाने अशा नियुक्तीत मुळीच विलंब होता कामा नये, आणि योग्य पद रिक्त नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे, इथपर्यंत मजल मारली होती. १९९६ मध्ये हिमाचल प्रदेशातील पथ परिवहन महामंडळाच्या प्रकरणात मात्र न्यायालय रिक्त पद नसताना नियुक्तीचा आदेश देऊ शकत नाही, अशी भूमिका घेतली गेली. अवघ्या सात वर्षांतला हा प्रवास महत्त्वाचा आहे, कारण पुढील सगळी गुंतागुंत त्यात बीजरूपाने आहे. तातडीचे तत्त्व कायम राहिले, परंतु तातडी प्रत्यक्षात आणण्याचे साधन न्यायालयाने हातातून सोडले आणि रिक्त पदांच्या उपलब्धतेवर सोपवले.

महाराष्ट्रात ही योजना १९७६ पासून आहे, आणि नागपाल निकालाच्याच वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, तिची सुधारित चौकट आली. गट-क आणि गट-ड मधील पदे, दिवंगताच्या कुटुंबातील एक पात्र सदस्य, मर्यादित मुदतीत अर्ज, वारस अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यानंतर अर्ज करण्याची सवलत, आणि पुढे ठरलेल्या मर्यादेनुसार वयाची ४५ वर्षे पूर्ण झाली की सूचीतून नाव वगळणे ही योजनेची ठळक अंगे. २००५ मध्ये सरळसेवेने भरायच्या पदांच्या ५ टक्के एवढी कमाल मर्यादा अनुकंपा नियुक्त्यांवर आली. पुढे ती १० टक्के झाली आणि २०१९ मध्ये २० टक्क्यांवर गेली. केंद्र शासनाच्या आस्थापनांत ही मर्यादा ५ टक्के आहे. म्हणजे मर्यादेच्या आकड्यापुरते पाहिले तर महाराष्ट्राने केंद्राच्या चौपट उदारता दाखवली आहे. तरीही सूची का आटत नाहीत, हा प्रश्न उरतो; त्याचे उत्तर शोधायला थोडे अंकगणित लागते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक आस्थापना घेऊ. तिच्यात गट-क ची १,००० पदे आहेत. सेवानिवृत्ती व अन्य कारणांनी वर्षाला ३० पदे रिक्त होतात, त्यांतील निम्मी पदोन्नतीने आणि निम्मी, म्हणजे १५, सरळसेवेने भरायची आहेत. वित्त विभागाच्या निर्बंधांमुळे सरळसेवेच्या पदांपैकी निम्मीच भरण्यास परवानगी मिळते, असे धरू. म्हणजे वर्षाला सरासरी साडेसात पदे. त्यांचे २० टक्के म्हणजे वर्षाला दीड अनुकंपा नियुक्ती. दुसऱ्या बाजूला, हजारात चार कर्मचारी दरवर्षी सेवेत असताना दगावतात, असे मानू. सूचीत वर्षाला चार नावे येतात आणि दीड बाहेर पडते. दहा वर्षांत सूची २५ नावांची होते, आणि त्या वेळी शेवटी नाव नोंदवणाऱ्याला त्याच वेगाने सोळा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागेल. मर्यादा २० ऐवजी ४० टक्के केली, तरी बाहेर पडणारी नावे तीन होतील आणि सूची वाढतच राहील. हे आकडे कोणत्याही खऱ्या कार्यालयाचे नाहीत, आणि गृहीतके बदलली तर उत्तरे बदलतील. परंतु त्यांतून दिसणारी रचना मात्र खरी आहे. सूचीत भर पडण्याचा वेग मृत्यूंवर अवलंबून असतो, आणि तिच्यातून घट होण्याचा वेग शासनाच्या भरती धोरणावर. हे दोन वेग एकमेकांना ओळखतही नाहीत. ज्या वर्षी वित्तीय काटकसरीसाठी भरती थांबते, त्या वर्षी मृत्यू थांबत नाहीत. कोरोनाच्या काळात तर दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या: नव्या भरतीवर निर्बंध आले आणि आरोग्य, पोलीस, महसूल, ग्रामविकास अशा विभागांतील मृत्यू वाढले.

याच रचनेचा दुसरा परिणाम कमी लक्षात येतो, पण तो अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात सूचीतला क्रम परिपूर्ण अर्जाच्या तारखेने लागतो. वरवर पाहता ही सर्वांत निःपक्षपाती पद्धत आहे: तिच्यात शिफारशीला वाव नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव नाही. सूची लहान असती आणि सहा महिन्यांत सरत असती, तर तिच्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. पण दहा-बारा वर्षांच्या सूचीत तारखेचा क्रम म्हणजे सर्वांत जुन्या मृत्यूला सर्वांत आधी नियुक्ती. ज्या घरात गेल्या महिन्यात मृत्यू झाला, शाळेची फी थकली, घराचा हप्ता तुंबला, ते घर सूचीच्या तळाशी आहे. आणि ज्या घराने दशकभरात कसेबसे का होईना स्वतःला सावरले आहे, ते माथ्याशी. प्रत्येक नियुक्तीपत्र त्या क्षणी सूचीत असलेल्या कुटुंबांपैकी ज्याचे तात्कालिक संकट सर्वांत मागे पडले आहे, अशाच कुटुंबाला जाण्याची शक्यता सर्वांत अधिक. केंद्र शासनाच्या विभागांत कुटुंबाचे उत्पन्न, अज्ञान मुले, अविवाहित मुली, मालमत्ता अशा निकषांवर गुण देऊन हलाखीची तुलना करण्याची पद्धत आहे. तिच्यातही दोष आहेत, पण निदान ती योग्य गोष्ट मोजण्याचा प्रयत्न करते.

प्रतीक्षेचा काळ कुटुंबाच्या दृष्टीने रिकामा नसतो, हेही समजून घेतले पाहिजे. योजना एका पात्र सदस्याला नोकरी देते. त्यामुळे मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत घराला ठरवावे लागते की अर्ज कोणी करायचा. विधवेचे शिक्षण दहावीपर्यंतही झालेले नसेल, तर तिच्या वाट्याला गट-ड. लिपिक-टंकलेखकाचे पद हवे तर पदवी आणि मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट गतीचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते. मग मुलासाठी थांबण्याचा निर्णय होतो. इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे घेतली जातात, आणि त्या वेळी दिलेली संमती दहा वर्षांनंतर, भावंडांची लग्ने होऊन घरे वेगळी झाल्यावर, वादाचा विषय होते. ज्याच्या नावे अर्ज आहे, त्याच्या आयुष्याला एक विचित्र स्थगिती मिळते. नोकरी येणार आहे म्हणून तो दूरच्या शहरात दीर्घ मुदतीचे काम धरत नाही, व्यवसायासाठी कर्ज काढत नाही, आणि नोकरी येत नाही म्हणून त्याचा उत्पन्नाचा काळ निसटत जातो. कुटुंबाला सावरण्यासाठी आणलेली योजना त्याच्या सावरण्याचे निर्णय लांबणीवर टाकण्याचे प्रलोभन बनते. आणि ज्या घरात काम करण्याजोगे कोणीच नाही, विधवा आजारी आहे आणि मुले लहान आहेत, ते सर्वाधिक हलाखीचे घर या योजनेच्या हाती सर्वांत उशिरा लागते, कारण ही योजना गरजेचे उत्तर पात्रतेच्या रूपात मागते.

मधल्या काळात नियमही बदलतात. मृत्यूच्या दिवशी लागू असलेली योजना पाहायची की अर्ज विचारात घेतला त्या दिवशीची, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० आणि २०१५ मधील निकालांत परस्परविरोधी भूमिका होत्या. २०२० मध्ये कर्नाटकातील प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने अर्ज विचारात घेतेवेळचे निकष लागू होतील, असे म्हटले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, सूचीत थांबलेले कुटुंब प्रत्येक धोरणबदलाचा धोका स्वतःच्या डोक्यावर घेऊन थांबलेले असते. सूचीतील सदस्य वयोमर्यादेजवळ पोहोचला तर त्याच्याऐवजी कुटुंबातील दुसऱ्याचे नाव घेता येईल का, हा असाच एक प्रश्न. २०१५ च्या शासन निर्णयाने त्यावर बंधन घातले, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१९ मध्ये ते बंधन गैरवाजवी ठरवले, आणि २०२४ मध्ये पूर्णपीठानेही त्याच दिशेने कौल दिला. मानवी दृष्टीने हा कौल रास्त आहे. शासनाच्या विलंबामुळे ४५ वर्षांची झालेली विधवा आणि तिचे कुटुंब दोन्ही रिकाम्या हाती का परतावेत? पण याच निर्णयाची दुसरी बाजू तितक्याच शांतपणे पाहावी लागते. नावबदलाची मुभा म्हणजे दावा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाण्याची मुभा. एका अन्यायावर काढलेला हा उतारा योजनेला वारशाच्या आणखी जवळ नेतो.

विलंबाचा कायदेशीर हिशेब तर याहून कठोर आहे. २००६ मध्ये जम्मू-काश्मीरच्या आणि २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जो तर्क स्वीकारला, त्याचे सार असे: एवढी वर्षे कुटुंब तग धरून राहिले, याचाच अर्थ तात्कालिक संकट आता उरलेले नाही, म्हणून नियुक्तीचे कारणही उरलेले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने नियुक्तीचा आदेश रद्द करून एकरकमी भरपाईवर विषय संपवला. त्यातील कर्मचाऱ्याचा मृत्यू २००१ मधला होता. नागपाल निकालाच्या चौकटीत हा तर्क सुसंगत आहे, आणि म्हणूनच तो अस्वस्थ करणारा आहे. अर्जावर निर्णय घेण्याची जबाबदारी ज्याची, तोच विलंब करतो, आणि त्याच विलंबाचा आधार घेऊन दावा फेटाळण्याची मागणी करतो. उपाशी न मरणे हा संकट सरल्याचा पुरावा मानला जातो. योजनेच्या तर्कात चूक नाही. चूक ज्या तर्काला तातडी हवी, तो प्रतीक्षासूचीला जोडण्यात आहे.

शासनाने या कोंडीला दिलेला प्रतिसाद मुख्यतः मर्यादा वाढवण्याचा आणि अनुशेष एकदम भरण्याचा आहे. २०२५ मध्ये धोरणात सुधारणा झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच दिवशी पाच हजारांहून अधिक अनुकंपा नियुक्तीपत्रे दिली गेली. ज्या घरांत ती पोहोचली, तिथे त्यांचे मोल आकड्यांत सांगता येणार नाही, आणि त्या निर्णयाला कमी लेखण्याचे कारणही नाही. परंतु अनुशेष भरणे म्हणजे अनुशेष निर्माण करणारी यंत्रणा बदलणे नव्हे. भरतीचा वेग आणि मृत्यूचा वेग यांतला दुरावा कायम असेल, तर सूची पुन्हा त्याच गतीने भरू लागते. शिवाय मर्यादा वाढवण्याची किंमत कोणीतरी दुसरा मोजत असतो. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात अभ्यासिकेत बसून चार-पाच वर्षे जाहिरातीची वाट पाहणारा उमेदवारही अनुच्छेद १६ चाच हक्कदार आहे. त्याचेही वय वाढते आहे, त्याच्याही घरी कोणी वाट पाहते आहे. ताज्या संकटातल्या कुटुंबासाठी त्याने पाच जागांपैकी एक सोडावी, हे त्याला पटवून देता येते. बारा वर्षांपूर्वीच्या मृत्यूसाठी ती का सोडावी, याचे उत्तर देणे दिवसेंदिवस कठीण होत जाईल.

त्यातच ज्या पदांवर ही योजना उभी आहे, तीच पदे कमी होत आहेत. गट-ड हा तिचा सर्वांत विस्तृत पाया होता, कारण कमी शिकलेल्या विधवेलाही तिथे जागा मिळे. सफाई, सुरक्षा, वाहनचालन, शिपाई ही कामे गेल्या दोन दशकांत क्रमाने बाह्ययंत्रणेकडे गेली. खासगी अनुदानित शाळांत डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त होतील तसतशी संपवून त्याऐवजी शिपाई भत्ता देण्याचे ठरले; म्हणजे त्या शाळेत सेवेत असताना दगावलेल्या शिपायाच्या पत्नीला लागेल असे पदच तिथे राहणार नाही. २०२३ मध्ये विविध संवर्गांतली मनुष्यबळभरती बाह्य अभिकरणांमार्फत करण्याचा शासन निर्णय विरोधानंतर मागे घ्यावा लागला, पण त्यामागची वित्तीय प्रेरणा मागे घेतली गेलेली नाही. या बदलाला एक नैतिक बाजूही आहे. त्याच कार्यालयात तेच काम करणारा कंत्राटी कर्मचारी कामावर असताना गेला, तर त्याच्या कुटुंबासाठी ना सूची आहे, ना प्रतीक्षा. नियमित कर्मचाऱ्यांचे वर्तुळ आक्रसत जाईल, तशी अनुकंपा ही दुर्बलांसाठीची तरतूद न राहता, तुलनेने सुरक्षित असलेल्या गटाची अंतर्गत सवलत बनत जाईल.

आपल्या बोलीभाषेने हा बदल बहुधा कायद्याच्या आधीच टिपला आहे. ‘अनुकंपावर लागला’ यापेक्षा ‘वडिलांच्या जागेवर लागला’ हेच आपण अधिक सहज म्हणतो. जागा वडिलांची नव्हती, ती शासनाची होती. पण हा भेद लोकव्यवहारात पुसला गेला आहे. महाराष्ट्रात सफाई कामगारांसाठी लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार जो वारसा हक्क आहे, त्याची पार्श्वभूमी वेगळी आहे. जे काम समाजाने विशिष्ट जातींवर लादले, त्या कामातल्या कुटुंबांना किमान सुरक्षितता मिळावी, हा त्यामागचा विचार. आणि तरीही त्या सुरक्षिततेबरोबर तेच काम पुढच्या पिढीकडे जाते, ही त्याची न सुटलेली अडचण आहे. तो वारसा हक्क म्हणूनच ओळखला जातो. अनुकंपा नियुक्ती मात्र वारसा नसल्याच्या अटीवरच वैध आहे. ही अट पाळली गेली नाही तर काय होते, याचे उदाहरण रेल्वेने दिले आहे. सुरक्षाविषयक पदांवरील कर्मचाऱ्यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतल्यास त्यांच्या मुलांना नोकरीची हमी देणारी योजना २००४ मध्ये आली, पुढे तिची व्याप्ती वाढली, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तिच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित केला, २०१८ मध्ये रेल्वेने ती बंद केली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागील दाराने प्रवेश देणारी आणि समान संधीच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे म्हटले. ती योजना आणि अनुकंपा यांत मूलभूत फरक आहे: तिथे मृत्यू नव्हता, संकट नव्हते. पण संकटाचा घटक काळाच्या ओघात झिजत गेला, तर हा फरकही झिजतो.

मग पर्याय कोणते? नुसती कालमर्यादा हा पर्याय नाही, हे केंद्राच्या अनुभवावरून दिसते. २००३ मध्ये केंद्राने तीन वर्षांची मर्यादा घातली. तीन वर्षांत पद मिळाले नाही तर प्रकरण बंद. विलंबाचा सारा भार त्यामुळे कुटुंबावर पडला, आणि २०१२ मध्ये ती मर्यादा मागे घ्यावी लागली. नोकरीऐवजी केवळ पैसे, हाही मार्ग चोखाळून झाला आहे. सार्वजनिक बँकांनी काही वर्षे अनुकंपा नियुक्ती थांबवून सानुग्रह रक्कम दिली आणि २०१४ मध्ये नियुक्ती पुन्हा सुरू केली. हरियाणाने २००६ च्या नियमांनी अधिक विचारपूर्वक रचना केली: कर्मचारी पस्तिशीच्या आत गेला तर १५ वर्षे, ३५ ते ४८ दरम्यान गेला तर १२ वर्षे, आणि त्यानंतर गेला तर ७ वर्षे, निवृत्तीच्या वयाची कमाल मर्यादा पाळून, कुटुंबाला त्याचे शेवटचे वेतन मिळत राहावे. तिथेही २०१९ च्या नियमांत नोकरीचा पर्याय परत आला. या माघारींतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सरकारी नोकरीतून कुटुंबाला मिळते ते केवळ मासिक उत्पन्न नसते. बँकेचे कर्ज, आजारपणातली प्रतिपूर्ती, मुलीच्या लग्नातली पत, गावातले स्थान हे सारे तिच्याबरोबर येते. म्हणून पैशाचा पर्याय जितका कोरडा, तितका तो लोकांना फसवणुकीसारखा वाटतो.

यावरून विवेकी मार्ग दोन्हींच्या विशिष्ट क्रमात दिसतो, निवडीत नव्हे. मृत्यूनंतरच्या महिन्यापासून ठरावीक वर्षे पूर्ण वेतन. त्याच काळात, समजा दोन वर्षांच्या आत, हलाखीच्या गुणांकनानुसार नियुक्ती. ती झाली नाही तर नोकरीचा दावा संपून वेतनाची मुदत वाढणे आणि मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनाने घेणे. असे केले तर विलंबाचा खर्च विलंब करणाऱ्यावर पडतो, आणि नियुक्ती टाळून शासनाचा पैसा वाचत नाही. खर्चाचा आक्षेप रास्त आहे, पण तो मोजून पाहावा. वरच्या काल्पनिक आस्थापनेत वर्षाला चार मृत्यू आणि सरासरी दहा वर्षांचे वेतन धरले, तर कोणत्याही वेळी ४० कुटुंबे या साहाय्यावर असतील. सेवेत असताना मृत्यू झाल्यास सुरुवातीच्या काळात शेवटच्या वेतनाच्या निम्मे कुटुंबनिवृत्तिवेतन तसेही द्यावे लागते; म्हणजे वाढीव भार उरलेल्या निम्म्याचा, सुमारे २० वेतनांचा, हजार पदांच्या वेतनखर्चाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. दिवंगताचे वेतन सरासरीपेक्षा जास्त असेल तर तो वाढेल, निवृत्तीच्या वयाची मर्यादा लावली तर घटेल. ही रक्कम लहान नाही; पण ती अंदाजपत्रकात दिसणारी रक्कम आहे. आजची पद्धत तीच किंमत कुटुंबांकडून आणि स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांकडून वसूल करते आणि कुठल्याही अंदाजपत्रकात दाखवत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांच्या कुटुंबांना सेवाकाळात मृत्यू झाल्यास कुटुंबनिवृत्तिवेतनाचा पर्याय महाराष्ट्राने २०२३ मध्ये खुला केला. ही दिशा योग्य आहे, आणि ती पुढे नेण्यासाठी लागणारी प्रशासकीय यंत्रणा आज अस्तित्वात आहे.

हे झाले नाही, तर पुढचा क्रम बऱ्याच अंशी सांगता येतो. गट-ड ची पदे संपत जातील आणि सूचीतील कमी शिकलेल्या अर्जदारांना देण्यासारखे पद उरणार नाही. गट-क मध्ये अनुशेष साचला की मर्यादा वाढवण्याची मागणी होईल, ती काही काळ मान्य होईल, आणि केव्हातरी एखादा स्पर्धा परीक्षेचा उमेदवार न्यायालयात जाऊन विचारेल की दहा वर्षांपूर्वीच्या मृत्यूचे संकट आज कुठे आहे. त्या प्रश्नाला शासनाच्या दप्तरात उत्तर नसेल, कारण आर्थिक स्थितीची नोंद अर्जाच्या दिवशी झाली आणि नंतर कोणी पाहिली नाही. निकाल काहीही लागो, त्याची किंमत पहिल्यांदा मोजतील ती काल-परवा कमावता माणूस गमावलेली घरे. ज्यांच्यासाठी योजना होती, तीच तिच्या बाहेर पडतील.

तोवर सूचीतली घट चालू राहीलच, फक्त नियुक्तीने नव्हे. अर्जदाराला ४५ वर्षे पूर्ण होतात, तेव्हा कोणालाही सुनावणी घ्यावी लागत नाही, कारण नोंदवावे लागत नाही आणि त्या दिवशी कोणत्याही विभागाने काही नाकारलेले नसते. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात अनुक्रमांक एकाने वर सरकतात.